मातीची मुलगी

एका बेटावर फक्त बायका राहतात. त्यांच्या राणीला, हिप्पोलिटाला, मूल हवं असतं. ती ओली माती घेऊन एका लहान मुलीची मूर्ती घडवते, ॲफ्रोडायटी देवी त्या मूर्तीत प्राण फुंकते आणि मूर्ती चौथऱ्यावरून उडी मारून आईच्या कुशीत येते. मुलीचं नाव डायना. मोठी झाल्यावर ती अमेरिकेत जाते आणि 'वंडर वुमन' म्हणून ओळखली जाते. पार्वतीनं अंगाच्या मळापासून गणपती घडवला ही गोष्ट ज्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे, त्यांना या जन्मकथेचं फारसं नवल वाटणार नाही. आईनं स्वतःच्या हातांनी घडवलेलं, बापाशी संबंध नसलेलं मूल आपल्या ओळखीचं आहे.

हे पुस्तक त्या मातीवरून पुढे फिरलेल्या हातांबद्दल आहे. १९४१ च्या अखेरीस 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या आठव्या अंकात डायना पहिल्यांदा दिसली. तेव्हापासून आठ दशकांहून अधिक काळ ती लिहिली जाते आहे.

कॉमिक्सची नायिका तिच्या पहिल्या लेखकाची राहत नाही. ती प्रकाशन कंपनीच्या मालकीची असते. लेखक वारला, कंटाळला किंवा त्याला काढून टाकलं, तरी पुढचा अंक निघायचाच असतो आणि तो लिहायला दुसरं कुणीतरी बसतं. आपल्याकडे कीर्तनकार एकच आख्यान आपापल्या परीनं लावतात. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये ओळखीचीच कुंती आणि द्रौपदी नव्यानं उभी केली. पण तिथे मूळ महाभारत शाबूत राहतं, नवं पुस्तक त्याच्या शेजारी जाऊन बसतं. वंडर वुमनचं तसं नाही. नवा लेखक तिला बाप देऊ शकतो, तिची शक्ती काढून घेऊ शकतो, तिच्या प्रियकराला मारू शकतो, आणि पुढच्या अंकापासून तेच तिचं अधिकृत चरित्र ठरतं. आधी वाचलेलं घडलंच नव्हतं, असं वाचकानं मानायचं. कुणाच्या जन्माची गोष्ट बदलण्याची एवढी सत्ता हातात आली की लिहिणारा काय करतो, या प्रश्नानं मला या विषयाकडे ओढलं आणि वर्षानुवर्षं धरून ठेवलं.

वाचताना मी दोन गोष्टींवर नजर ठेवली, मातीवर आणि दोरावर. माती म्हणजे तिची ताकद कुठून आली याचं उत्तर. दोर म्हणजे तिच्या कमरेला असलेला सोन्याचा फास. त्यात अडकलेल्या माणसाचं काय होतं, याचं उत्तर प्रत्येक पिढीनं वेगळं दिलं. बाकी पोशाख, मुकुट, अदृश्य विमान यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे, आणि त्यात मला फारसा रस नाही.

विल्यम मोल्टन मार्स्टन हे तिचे जन्मदाते. हार्वर्डमध्ये शिकलेले मानसशास्त्रज्ञ. खोटं बोलताना माणसाचा रक्तदाब वाढतो, तेव्हा तो मोजून खोटं पकडता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२३ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं फ्राय खटल्यात ही चाचणी पुरावा म्हणून नाकारली. नव्या शास्त्रीय तंत्राचा पुरावा केव्हा ग्राह्य धरायचा, याचा त्या निकालानं घालून दिलेला दंडक अमेरिकी न्यायालयांत पुढे कित्येक दशकं चालला. मार्स्टन मात्र न्यायालयाबाहेर फेकले गेले आणि फिरत फिरत कॉमिक्सच्या दारात आले.

त्यांच्या घरात दोन स्त्रिया होत्या. पत्नी एलिझाबेथ हॉलोवे कायद्याच्या पदवीधर, नोकरी करून घर चालवणाऱ्या. दुसऱ्या ऑलिव्ह बर्न, ज्या घरी राहून सगळी मुलं सांभाळत. मार्स्टन यांच्यापासून दोघींना प्रत्येकी दोन मुलं झाली. मार्स्टन गेल्यानंतरही या दोघी अखेरपर्यंत एकत्र राहिल्या. ऑलिव्ह यांची आई एथेल बर्न आणि मावशी मार्गारेट सँगर यांनी १९१६ मध्ये ब्रुकलिनमध्ये संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं आणि त्यासाठी तुरुंगवास भोगला होता. (याच सँगर १९३५ च्या अखेरीस वर्ध्याला येऊन गांधीजींशी संततिनियमनावर वाद घालून गेल्या. र. धों. कर्वे यांचं मुंबईतलं काम तोवर बरंच जुनं झालं होतं.) ऑलिव्ह यांच्या मनगटात रुंद कडी असत. तीच पुढे डायनाच्या मनगटात गेली आणि बंदुकीच्या गोळ्या परतवू लागली.

म्हणजे वंडर वुमनचा पाया अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या आणि संततिनियमनाच्या लढ्यात आहे. सुरुवातीच्या जवळजवळ प्रत्येक अंकात ती साखळदंडांनी बांधली जाते आणि ते तोडते. ही प्रतिमा मताधिकारासाठी काढलेल्या व्यंगचित्रांतून आली. तिचे पहिले चित्रकार एच. जी. पीटर त्या काळी 'जज' या साप्ताहिकात चित्रं काढत, आणि मताधिकाराची व्यंगचित्रंही त्याच साप्ताहिकात छापून येत. तरीही मार्स्टन यांची सगळी बंधनं या एकाच कारणानं समजावून देता येत नाहीत. प्रेमानं दुसऱ्याच्या स्वाधीन होण्यात माणसाचं सुख आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यामुळे त्यांच्या कथांत सगळेच एकमेकांना बांधतात आणि त्यात लेखकाची गोडी लपत नाही. तेव्हाच्या काही संपादकांना आणि बालसाहित्याच्या जाणकारांना हे खटकलं होतं. मलाही खटकतं. त्यांच्यावर पांघरूण घालून त्यांना निव्वळ स्त्रीवादी ठरवणं जितकं सोयीचं, तितकंच या एका गोष्टीसाठी त्यांना मोडीत काढणं.

दोराचंही तसंच. खोटं पकडण्याची चाचणी काढणाऱ्या माणसानं सत्य बोलायला लावणारा दोर कल्पिला, ही जुळणी इतकी बेतशीर आहे की ती सगळीकडे सांगितली जाते. मूळ अंक उघडले तर तिथे दुसरंच आहे. मार्स्टन यांचा दोर आज्ञा पाळायला लावतो. त्यात अडकलेला माणूस डायना सांगेल ते करतो. खरं बोल म्हटलं तर खरं बोलतो, पण ती अनेक हुकमांपैकी एक हुकूम असते. 'आज्ञा' ते 'सत्य' हा दोराचा प्रवास मार्स्टन गेल्यावर, इतरांच्या हातून झाला. या पुस्तकाचा मोठा भाग त्या प्रवासावर खर्च झाला आहे.

इथे एका नावापाशी मला थांबायचं आहे. १९४४ मध्ये मार्स्टन न्यूयॉर्कच्या कॅथरीन गिब्ज स्कूलमध्ये मानसशास्त्र शिकवत होते. परीक्षेतली एका विद्यार्थिनीची उत्तरं त्यांना इतकी आवडली की त्यांनी तिला लिखाणात मदतनीस म्हणून घेतलं. जॉय हमेल हे तिचं नाव, वय विशीच्या उंबरठ्यावर. त्याच वर्षी मार्स्टन यांना पोलिओ झाला आणि मदतनिसाची लेखिका झाली. पुढच्या तीन वर्षांत हमेल यांनी वंडर वुमनच्या ७० हून अधिक कथा लिहिल्या. अंकावर नाव छापलं जायचं 'चार्ल्स मोल्टन', म्हणजे मार्स्टन यांचं टोपणनाव. १९४७ मध्ये लग्न झालं आणि त्यांनी काम सोडलं. त्यांच्या कथांत साखळदंड कमी आहेत, परीकथेचा रंग जास्त आहे, पंख असलेल्या मुली आहेत, शुक्रावरची राज्यं आहेत. त्या कथा वाचणाऱ्या हजारो मुलींना हे एका तरुण मुलीनं लिहिलं आहे याचा पत्ता नव्हता. सिनेमागृहात, वर्गात, मोलाच्या कामात बायकांचं नाव पुसलं जाणं नवीन नाही. पण साऱ्या जगाला स्त्रीची ताकद सांगणाऱ्या मासिकात ते पुसलं गेलं, हे मला आजही सहन होत नाही.

१९४७ च्याच मे महिन्यात मार्स्टन वारले. हे काम आपल्याकडे द्यावं असं एलिझाबेथ यांनी कंपनीला सुचवून पाहिलं. ते गेलं रॉबर्ट कॅनिगर यांच्याकडे, आणि त्यांनी ते दोन दशकं केलं. या काळात काय झालं हे पाहायला दोन मुखपृष्ठं शेजारी ठेवावीत. १९४२ च्या 'सेन्सेशन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकावर डायना बंदूकधाऱ्यांच्या अंगावर धावून जाते आहे, गोळ्या कड्यांवर आपटून उडताहेत. १९४९ च्या ९४ व्या अंकावर तिचा प्रियकर स्टीव्ह ट्रेव्हर तिला दोन्ही हातांवर उचलून ओढा पार करवतो आहे, आणि जी बाई रणगाडे उचलते ती पाय भिजू नयेत म्हणून त्याच्या गळ्यात हात टाकून हसते आहे. चित्र सुबक आहे. म्हणूनच ते जास्त लागतं. अंकाच्या आतही तेच घडलं. टेनिसपटू ॲलिस मार्बल यांच्या पुढाकारानं इतिहासातल्या कर्तबगार स्त्रियांची चरित्रं अंकात येत, फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून ती मालिका सुरू झाली होती. ती हळूहळू बंद पडली आणि तिच्या जागी देशोदेशीच्या लग्नाच्या चालीरीती छापल्या जाऊ लागल्या. माती तरी कशी टिकेल? कॅनिगर यांच्या नव्या जन्मकथेत ॲमेझॉन बायकांचे पुरुष लढाईत मारले जातात आणि त्या दुःखात त्या बेटावर येतात. स्त्रियांचं राज्य हा त्यांचा निर्णय राहिला नाही, ते त्यांचं वैधव्य झालं.

१९६८ मध्ये खप घसरलेला असताना डेनी ओ'नील आणि माइक सेकॉव्स्की यांनी तिची शक्ती, पोशाख, दोर, सगळं काढून घेतलं. डायना कपड्यांचं दुकान चालवू लागली आणि आय चिंग नावाच्या अंध गुरूकडून मारामारीच्या विद्या शिकू लागली. ओ'नील यांचा हेतू वाईट नव्हता. देवांच्या देणगीवाचून स्वतःच्या हिमतीवर उभी राहणारी बाई त्यांना दाखवायची होती. पण सुपरमॅनची शक्ती काढून त्याला शिंप्याच्या दुकानात बसवण्याचं कुणाच्या मनात आलं नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलं. ही चूक होती असं ओ'नील यांनी पुढे मोकळेपणी कबूल केलं. याच पर्वाच्या शेवटी विज्ञानकथाकार सॅम्युअल डिलेनी यांनी १९७२ मध्ये दोन अंक लिहिले. त्यांतल्या दुसऱ्यात एका मोठ्या दुकानातल्या बायकांना मिळणाऱ्या तुटपुंज्या पगाराचा प्रश्न आहे, आणि गोष्टीच्या शेवटी त्या बायका डायनालाच जाब विचारतात, आमच्या पोटावर पाय आला त्याचं काय? सुपरहिरोला असा प्रश्न तोवर क्वचितच कुणी विचारला असेल. डिलेनी यांनी या बेतानं पुढच्या गोष्टी आखल्या होत्या, त्यात स्त्रियांच्या दवाखान्यासाठीचा लढाही होता. त्या लिहिल्या गेल्या नाहीत.

त्या न लिहिल्या जाण्यामागे स्त्रीवादी लेखिका ग्लोरिया स्टायनम होत्या, असं डिलेनी यांनी सांगितलं आहे. जुलै १९७२ मध्ये स्टायनम यांच्या 'मिज' मासिकाच्या मुखपृष्ठावर जुन्या पोशाखातली प्रचंड वंडर वुमन रस्त्यावरून चालत आली, वर तिला राष्ट्राध्यक्ष करण्याची घोषणा होती. लहानपणी मार्स्टन यांच्या कथांवर वाढलेल्या या पिढीला आपली नायिका परत हवी होती. त्याच वर्षी त्यांनी चाळीसच्या दशकातल्या निवडक कथांचं पुस्तक काढलं, त्याची प्रस्तावना स्टायनम यांची. मी ती प्रस्तावना पुन्हा पुन्हा वाचली आहे. तिनं मला शिकवलं की जुन्या गोष्टींतून काय उचलायचं आणि काय मागे ठेवायचं हे ठरवणं हेसुद्धा नवं लिहिणंच असतं. त्या संग्रहातली डायना भगिनीभावाची आहे. मार्स्टन यांचे साखळदंड त्यात मागे पडले आहेत. जुन्या कथांतली एकही ओळ न बदलता स्टायनम यांनी वंडर वुमन बदलली.

शक्ती परत मिळाली, १९७३ च्या सुरुवातीला, पण ती देणारे पुन्हा कॅनिगरच. त्या २०४ व्या अंकाच्या सुरुवातीलाच एक बंदूकधारी एका मासिकाच्या संपादिकेला गोळी घालतो, आणि तिचं नाव व रूप कंपनीतल्याच एका खऱ्या संपादिकेवर बेतलेलं आहे. इतका उघड राग छापील पानावर क्वचित दिसतो. आणि याच अंकात न्यूबिया येते, डायनाची कृष्णवर्णी बहीण, तीही हिप्पोलिटानं मातीचीच घडवलेली, काळ्या मातीची. ज्या लेखकानं वीस वर्षं डायनाला ओढ्याकाठी उभं केलं, त्याच्याच हातून मातीची ही दुसरी मुलगी जन्मली. लेखकांचा हिशेब सरळ लागत नाही तो असा. न्यूबियाकडे नंतर बराच काळ कुणी धड पाहिलं नाही. २०२१ नंतर वीटा अयाला आणि स्टेफनी विल्यम्स यांनी तिला बेटाची राणी म्हणून लिहिलं.

मग जॉर्ज पेरेझ. १९८७ मध्ये कंपनीनं तिची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली तेव्हा ग्रेग पॉटर, लेन वीन आणि संपादक कॅरन बर्गर यांच्यासह पेरेझ यांनी मातीला असा अर्थ दिला की पुढच्या कुणालाही तो ओलांडून जाता आलेला नाही. पुरुषांच्या हातून मारल्या गेलेल्या स्त्रियांचे आत्मे धरित्रीच्या, गाइयाच्या, उदरात जपून ठेवलेले असतात. ग्रीक देवी त्यांना पाण्यातून नवा देह देऊन बाहेर काढतात, त्या म्हणजे ॲमेझॉन. एक आत्मा मागे उरतो. इतिहासापूर्वी एका गुहेत मारल्या गेलेल्या गरोदर बाईच्या पोटातलं, कधीच न जन्मलेलं ते मूल असतं. ती बाई आता हिप्पोलिटा आहे, आणि पोटात काहीतरी राहून गेल्याची तिला ओढ आहे. ती किनाऱ्यावर बसून माती कालवते आणि तो आत्मा त्या मातीत येतो. मार्स्टन यांच्या कथेत मूल हवं असणारी राणी होती. इथे हजारो वर्षांपूर्वी मारलं गेलेलं मूल परत मिळवणारी आई आहे. एवढ्या एका बदलानं डायनाच्या ताकदीचा उगम साऱ्या मारल्या गेलेल्या बायकांपर्यंत जाऊन पोचतो.

पेरेझ यांची डायना इंग्रजी न येता अमेरिकेत उतरते. ज्युलिया नावाच्या प्राध्यापिकेच्या घरी राहून ती भाषा शिकते, ज्युलियाच्या किशोरवयीन मुलीशी मैत्री करते. १९९० च्या एका अंकात त्या मुलीची मैत्रीण आत्महत्या करते. त्या अंकात खलनायक नाही, लढाई नाही. उरलेली माणसं एकमेकांना प्रश्न विचारत राहतात. तो अंक पेरेझ यांनी मिंडी न्यूवेल यांच्यासह लिहिला. दोराबद्दलही पेरेझ ठाम होते. वंडर वुमनवरच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या काळात रुळलेल्या सत्याच्या अर्थाला त्यांनी पाया दिला, हा दोर गाइयाच्याच कमरपट्ट्यातून घडवलेला आहे म्हणून त्याच्यापुढे खोटं टिकत नाही.

नव्वदच्या दशकावर मी या पुस्तकात फार वेळ घालवलेला नाही. डायनानं टॅको विकणाऱ्या दुकानात नोकरी केल्याचा काळ मात्र मला प्रिय आहे, आणि विल्यम मेसनर-लोब्ज यांना त्याचं श्रेय मी मनापासून देते.

दोराची खरी परीक्षा ग्रेग रुका यांनी घेतली. २००५ मध्ये मॅक्सवेल लॉर्ड नावाचा माणूस सुपरमॅनचं मन ताब्यात घेतो. डायना त्याच्या गळ्यात दोर टाकते आणि विचारते, सुपरमॅनला सोडवायचं कसं? दोरात खोटं बोलता येत नाही. तो सांगतो, मला मारल्याशिवाय नाही. आणि ती त्याची मान मोडते. सगळं जग ते पडद्यावर पाहतं आणि हादरतं, सुपरमॅनसुद्धा तिच्याकडे पाठ फिरवतो. सत्य वापरणाऱ्याला ते सत्य पाळावंही लागतं, ही त्या दोराची आजवर कुणी न दाखवलेली बाजू रुका यांनी दाखवली. डायनानं मारायला नको होतं असं मानणारे पुष्कळ आहेत. माझं मत वेगळं आहे, आणि ते मी त्या प्रकरणात सविस्तर मांडलं आहे.

२०११ मध्ये ब्रायन अझारेलो आणि क्लिफ चँग यांनी माती पुसून टाकली. आईनं मातीची गोष्ट खोटी रचली होती, डायना खरं तर झ्यूस देवाची मुलगी आहे. बेटावरच्या बायका तिला 'माती' म्हणून चिडवायच्या, हा तपशील मनाला चटका लावतो. चँग यांची चित्रं देखणी आहेत, कथानकाला वेग आहे, आणि हे सारं मान्य करूनही मला त्या बदलाचं दुःख होतं. सत्तर वर्षं जी ताकद आईच्या हातांतून आली होती, तिला शेवटी बापाचं नाव लावावं लागलं. त्यातच ॲमेझॉन बायका खलाशांशी संग करून त्यांना मारतात आणि झालेले मुलगे हिफेस्टस देवाला देऊन शस्त्रं घेतात, असंही ठरलं. २०१७ चा पॅटी जेन्किन्स यांचा चित्रपट मला फार आवडतो, निर्मनुष्य रणभूमीवर एकटी चालत जाणारी डायना पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण बाप मात्र त्यातही झ्यूसच आहे.

त्याच्या आदल्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी तिला स्त्रिया आणि मुलींच्या सबलीकरणाची मानद दूत नेमलं. २१ ऑक्टोबर २०१६ च्या समारंभात तिथल्याच कर्मचाऱ्यांनी व्यासपीठाकडे पाठ करून निषेध केला. महासचिवपदी बाई यावी असा आग्रह होत असताना त्या पदावर पुन्हा पुरुषाचीच निवड झाली होती, त्याला काही दिवसच लोटले होते. दोन महिन्यांच्या आत ती नेमणूक संपली. त्या कर्मचाऱ्यांचा राग डायनावर नव्हता, असं मला वाटतं. खऱ्या बाईला जी खुर्ची मिळाली नाही, तिच्या बदल्यात चित्रातली बाई घेऊन समाधान माना, या मागणीवर तो होता.

माती परत आली ती केली स्यू डिकॉनिक यांच्या 'हिस्टोरिया'मध्ये, २०२१ पासून तीन भागांत, फिल जिमेनेझ, जीन हा आणि निकोला स्कॉट यांच्या चित्रांसह. त्यात हिप्पोलिटा अजून राणी झालेली नाही. ती सुईणीच्या हाताखाली काम करणारी एक साधी बाई आहे. एका रात्री नकोशी झालेली नवजात मुलगी तिच्या हातात दिली जाते, टाकून ये म्हणून. ती नदीकाठी तिला ठेवते, निघते, आणि मन खाऊ लागल्यावर परत धावत येते. मूल तिथे नसतं. 'नकुशी' नाव ठेवलेल्या मुली ज्या राज्यात आहेत, तिथल्या वाचकाला त्या पानांवर थांबावंच लागेल. मी थांबले.

हे सारं अनेक वर्षांच्या वाचनातून गोळा होत गेलं. प्रकरणांचा क्रम लावताना मी सुरुवातीला कालानुक्रमानं गेले होते, म्हणजे पहिलं प्रकरण मार्स्टन यांचं. नंतर ते बदललं. २०१८ मध्ये, सॅन दिएगोच्या कॉमिक्स संमेलनात, जॉय हमेल यांना लेखिका म्हणून बिल फिंगर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार ज्यांच्या लेखनाची दखल राहून गेली अशांसाठी आहे. त्या तेव्हा ९४ वर्षांच्या होत्या. तीन वर्षांनी त्या गेल्या. या पुस्तकाचं पहिलं प्रकरण त्यांचं आहे, आणि त्याच्या पहिल्या ओळीत त्यांचं पूर्ण नाव आहे.